बुरूड राजाचा कोट आणि आपल्या हातातला कॅमेरा



नालासोपारा पूर्वेच्या आमच्या वस्तीतल्या मुलांना मी म्हटलं, रविवारी सकाळी मोबाईल घेऊन या, आपल्या गल्लीचे फोटो काढू. एकाने लगेच विचारलं, "दादा, या गटाराचे काय फोटो काढायचे? त्यापेक्षा वसईच्या किल्ल्यावर जाऊ." बाकीचे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यात होता. फोटो काढण्यालायक काय असतं हे ठरवतं कोण? पोर्तुगीजांचा किल्ला, १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम, एवढं झालं की वसईचा इतिहास संपला, असं शाळेपासून आपल्या मनावर ठसवलेलं आहे. आपली चाळ, आपला विहार, आपला रेल्वे पूल या इतिहासात येतच नाही.

कॅमेरा आपल्याकडे पहिल्यांदा कसा आला ते आधी बघू. १८६३ आणि १८६६ मध्ये विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या फोटोग्राफरने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसांचा फोटो वेगळा काढलेला आहे आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतला आणून जोडलेला आहे. हा तंत्राचा भाग होता, मान्य. पण परिणाम बघा. माणसाला त्याच्या रस्त्यापासून, घरापासून, कामाच्या जागेपासून कापून काढलं आणि उरली फक्त जात. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड छापले. साडेचारशेहून जास्त फोटो, आणि सोबत त्या त्या जातीच्या स्वभावाचं वर्णन. म्हणजे कॅमेऱ्याने शोषितांकडे बघितलंच नाही असं नाही. बघितलं, पण नमुना म्हणून बघितलं. ज्याच्या नजरेला पत्ता नको असतो, फक्त जात हवी असते, ती नजर आपल्याला नवीन नाही.

म्हणून मी मुलांना सांगतो, चेहऱ्याच्या आधी पत्ता टिपा.

आता आपल्या सोपाऱ्याकडे येऊ. स्टेशनच्या पश्चिमेला जो स्तूप आहे, त्याच्या टेकाडाला १८८२ पर्यंत लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणणारा समाज, आज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत असलेला. त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खोदलं. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याभोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. करंडकात एकात एक ठेवलेल्या चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि सोन्याच्या डब्या. सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे निघाले. तथागतांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत, असं इंद्रजींनी मानलं. सोबत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं. ते सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेलं.

या कथेतला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग सोन्याची डबी नाही, ते नाव आहे. सोपाऱ्यातले लोक बुद्धाला विसरले होते, पण ही जागा कुणा पुरोहिताची नाही, टोपल्या विणणाऱ्याची आहे, एवढी आठवण त्यांनी जपली. माझं असं मत आहे की ही अर्धवट, मोडकीतोडकी का होईना, आपल्याच इतिहासाची स्मृती होती. पण नुसत्या स्मृतीला कुणी पुरावा मानत नाही. मोजमाप घेतलं, चित्रं काढली, छापलं, तेव्हा ते टेकाड स्तूप झालं.

त्याच वर्षी तिथल्या भातेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला भुईगावला, १९५६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी. आठव्या लेखाचा विषय ठाऊक आहे? पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी फिरत. अशोक म्हणतो, मी ते सोडलं, माझी आता धम्मयात्रा असते, आणि त्या यात्रेत जनपदातल्या लोकांना भेटणं, बघणं येतं. किल्ल्यावर सेल्फीला जाणं आणि वस्तीत फोटोला फिरणं यांतला फरक आपल्याच गावाच्या दगडावर कोरलेला होता!

रेल्वेचंही तसंच. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंतची गाडी एप्रिल १८६७ मध्ये सुरू झाली. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये सोपाऱ्याला जायला वसई रोड किंवा विरार, दोन्हीपासून साडेतीन मैल असं लिहिलं आहे. विजेची गाडी बोरिवलीपुढे विरारपर्यंत आली १९३६ मध्ये. याच रुळाने आपली गावं दोन भागांत वाटली. पश्चिमेला जुनी गावठाणं, वाड्या, चर्च, स्तूप. पूर्वेला मुंबईत घर न परवडलेल्यांच्या चाळी आणि इमारती. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. रुळाच्या दोन बाजूंची ही वाटणी पादचारी पुलावर उभं राहिलं की एका फोटोत दिसते. (पुलावरूनच काढा. रुळावर उतरून नाही.)

आणि हे सगळं झपाट्याने बदलतं आहे. अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती पाडायला २०२४ च्या अखेरीस सुरुवात झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या भुईसपाट झाल्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर त्या उभ्या केलेल्या होत्या. बांधणाऱ्यांनी पैसे केले, राहणारी दोन हजारांहून जास्त कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली. त्या भिंतींना कधी तडे गेले, पाणी कुठून झिरपत होतं, हे आत राहणाऱ्याला दिसत असतं. तारखेसह फोटो असेल तर तेच तक्रारीला जोडता येतं. ग्लासगो शहराने गलिच्छ म्हणून जुन्या गल्ल्या पाडायच्या ठरवल्या तेव्हा १८६८ ते १८७१ मध्ये थॉमस अ‍ॅनन यांच्याकडून त्यांचे फोटो काढून घेतले. तिथे पाडणाऱ्यानेच नोंद ठेवली. आपल्याकडे ती आपल्यालाच ठेवावी लागेल.

आमचाच अनुभव सांगतो. आमच्या विहाराला एका कार्यालयाची नोटीस आली. सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. नवी बांधकामं होऊ द्यायची नाहीत, आणि जुन्यांचा निर्णय एकेक प्रकरण बघून घ्यायचा. म्हणजे विहार त्या तारखेआधीचा आहे हे दाखवणं आलं. ट्रस्टचे कागद उशिराचे, वीजबिल शेजाऱ्याच्या नावावर. तीस वर्षं जिथे बुद्धवंदना होते त्या जागेचा एक सरळ फोटो कुणाकडे नव्हता! बाबासाहेबांच्या जयंतीचे शेकडो फोटो होते, पण सगळ्यांत स्टेज आणि पुढारी. शेवटी एका ताईंच्या लग्नाचा अल्बम निघाला. वरातीच्या मागे विहाराचं पत्र्याचं छप्पर, निळा दरवाजा आणि कोपऱ्यातला विजेचा खांब, क्रमांकासकट. लग्नपत्रिकेवर तारीख होतीच. तो फोटो आणि वयस्कर मंडळींची निवेदनं जोडून आम्ही उत्तर दिलं. विहार आज उभा आहे.

तेव्हापासून आम्ही फोटो काढताना खांबाचा क्रमांक, दुकानाची पाटी, रस्त्याचं वळण चौकटीत घेतो. एकाच जागेवरून दर सहा महिन्यांनी पुन्हा काढतो. मूळ फाइल ठेवतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून काढल्याची वेळ आणि जागेची माहिती गळून जाते. कोर्टात डिजिटल फोटो द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेही मूळ फाइल आणि मोबाईल हाताशी असेल तर सोपं जातं. माणसांचा फोटो विचारून काढतो. विशेषतः घरात, नळावर, स्त्रियांचा. जॉन्सनसाहेबांचं काम आपण पुढे चालवत नाही आहोत.

स्तूपाबाबतही एक सांगायचं आहे. बुद्धपौर्णिमेला तिथे हजारो लोक येतात आणि स्तूप पाठीशी घेऊन फोटो काढतात. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला कायद्याने मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण पाठ स्तूपाकडे आणि तोंड बाहेर करून कुंपणापलीकडे काय चाललं आहे याचा फोटो काढणारा मला आजवर एकच भेटला. तो "गटाराचे काय फोटो काढायचे" म्हणणारा मुलगा. त्याने स्तूपाच्या चार दिशांचे चार फोटो काढले आहेत, आणि पुढच्या पौर्णिमेला त्याच चार जागांवर उभं राहायचं म्हणून जमिनीवरच्या खुणा वहीत लिहून ठेवल्या आहेत.