वजिराचा बळी आणि यंत्राची परीक्षा

बुद्धिबळांत वजिराचा बळी दोन प्रकारांनीं दिला जातो. चार चालींत मात होत असेल, किंवा दिल्याहून अधिक मोहरीं परत मिळत असतील, तर तो रोखीचा व्यवहार. हिशेब पुरा करणाऱ्या कोणासही तो साधेल. दुसरा प्रकार उधारीचा. वजीर जातो, आणि हातीं दोन हलकीं मोहरीं व डावाची बैठक एवढेंच राहतें.

क्लॉड शॅनन यांनीं १९५० सालीं यंत्रास हा खेळ कसा शिकवावा यावर निबंध लिहिला. त्यांत वजिराचें मोल नऊ, हत्तीचें पांच, उंट-घोड्यांचें तीन-तीन व प्याद्याचें एक धरलें होतें. मोहऱ्यांची मोकळीक, प्याद्यांची रचना यांसही वजन होतें, पण थोडें. पुढें दीर्घकाळ यंत्रें बहुतांशीं अशाच तराजूनें खेळलीं.

आतां १९६२ सालचा, रोस्तोव येथील डाव पाहूं. पांढरीं मोहरीं रशीद नेझ्मेत्दिनोव यांचीं, काळीं ओलेग चेर्निकोव यांचीं. अकराव्या चालीस काळ्या उंटानें वजिरावर रोख धरला. वजीर हलवून, त्याच त्या चाली फिरवून, बरोबरी पदरांत पाडतां आली असती. नेझ्मेत्दिनोव यांनीं वजिरानें तो उंटच मारला! वजीर गेला, मोबदल्यांत एक उंट व एक घोडा आला. तराजूप्रमाणें तिनाची तूट, आणि मात कोठेंच दिसत नाहीं. परंतु काळ्या राजापुढचीं प्यादीं विस्कटलीं, काळ्या घरांचा राखणदार नाहींसा झाला आणि पांढरा घोडा पटाच्या मध्यावर येऊन बसला. एकतिसाव्या चालीस वजिराची वसुली झाली, तेहेतिसाव्या चालीस काळ्यांनीं डाव सोडला. मधल्या एकोणीस चाली मोजून काढणें जुन्या यंत्रांच्या आवांक्याबाहेरचें होतें.

अशी स्थिति यंत्रापुढें मांडून 'वजीर देतें का?' एवढेंच पाहणें आम्हांस अपुरें वाटतें. डाव जिंकला म्हणून चाल निर्दोष ठरत नाहीं. प्रतिपक्षाचा बचावही चुकलेला असूं शकतो. शिवाय वजीर उधळणारें यंत्रही येथें उत्तीर्ण होईल. म्हणून तोच बळी जेथें आत्मघात ठरेल अशी जुळी स्थिति शेजारीं हवी, आणि दोहोंपासून अनेक डाव शेवटपर्यंत खेळवावयास हवेत.

१९९७ सालीं कास्पारोव यांस हरविणारें 'डीप ब्लू' सेकंदास सुमारें वीस कोटी स्थिति तपाशी. २०१७ सालच्या 'अल्फाझीरो'स मोहऱ्यांचें मोल कोणी सांगितलेंच नव्हतें. तें स्वतःशींच खेळून शिकलें, आणि मोकळ्या मोहऱ्यांसाठीं प्यादीं सोडून देऊं लागलें. त्यानंतर परीक्षकाची खुर्चीही हलली. नेझ्मेत्दिनोव यांची ती बारावी चाल योग्य होती कीं नाहीं, हें खेळाडू आतां यंत्रासच विचारतात.