लोखंडी नांगर आणि ट्रॅक्टर

पुण्याचे स्वारगेट म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंनी येणाऱ्या प्रवाशांचे शहरात उतरावयाचे ठिकाण. तेथून टिळक रस्त्यास लागले म्हणजे ‘उद्योग भवन’ नावाची इमारत दिसते. किर्लोस्कर बंधूंच्या कारखान्याची कचेरी येथे कित्येक वर्षे होती. हे नाव पुढे पंपांनी व एंजिनांनी सर्वतोमुखी झाले. परंतु त्याची पहिली कीर्ती लोखंडी नांगराची. त्या नांगराची योग्यता ध्यानी येण्यास दूरदेशीच्या एका जुन्या ट्रॅक्टराशी त्याची तुलना करून पाहणे उपयुक्त होईल.

वॉशिंग्टन शहरी अमेरिकन इतिहासाचे जे राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्यात हार्ट-पार कंपनीचा तिसऱ्या क्रमांकाचा ट्रॅक्टर जतन करून ठेविला आहे. हे धूड १९०३ साली आयोवा संस्थानात तयार झाले. त्याचे वजन १४,००० पौंड, आणि नांगर ओढण्याची शक्ती १८ घोड्यांची. तिकडे जमीन अफाट आणि राबणारे हात थोडे. तेव्हा असे यंत्र त्या भूमीस मानवले यात नवल नाही.

योगायोग असा की, त्याच १९०३ साली बेळगावास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला लोखंडी नांगर तयार केला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाचे काम केलेल्या या गृहस्थांचे बेळगावास सायकलींचे दुकान होते. आपल्याकडील लाकडी नांगर माती नुसती चिरीत जाई. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेला पट्टा राही, आणि हरळी व कुंदा यांची मुळे तशीच जीव धरून राहत. लोखंडी नांगराचा पंख खालची माती उचलून उलथी टाकी व तण मुळासकट उन्हात पाडी.

तथापि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते, तिला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही समजूत केवळ आपल्याच शेतकऱ्यांची नव्हे. चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा अमेरिकेतील शेतकऱ्यांनीही हाच आक्षेप घेतला होता. शिवाय या भीतीच्या तळाशी व्यवहाराचा एक विचार असला पाहिजे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो सांधून देई व सुगीच्या वेळी बलुते घेई. लोखंडी नांगरास रोख पैसा हवा. आणि ऐन नांगरटीत फाळ मोडला तर नवा कोठून आणावयाचा? ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर, त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविकच होते.

विक्रीस सुरुवात झाली, तोच बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिच्या भट्ट्यांतून निघालेले नांगर गावोगाव गेले.

ट्रॅक्टरास मात्र आपल्या शिवारात येण्यास पुष्कळ काळ लागला. त्याचे एक मोठे कारण पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान यांच्या १९१७ सालच्या ग्रंथात सापडते. त्यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली. १७७१ साली तेथे सरासरी ४० एकरांचे खाते होते; १९१४-१५ साली ते ७ एकरांवर आले होते, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. अशा बांधाबांधांत ते सुमारे सात हजार शेरांचे धूड वळणार कोठे? येथे उपयोगी पडावयाचे ते घरच्या बैलांनी ओढावयाचे अवजारच.

स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४७ साली, मध्यवर्ती सरकारने अमेरिकन लष्कराने मागे ठेविलेले ट्रॅक्टर हाती घेऊन मध्य हिंदुस्थानातील काशा गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्याचे काम आरंभिले. हिंदुस्थानात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादेच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला. आता गावोगाव भाड्याचा ट्रॅक्टर मिळतो, आणि बैलजोडी गोठ्यातून नाहीशी होत चालली आहे. पिंपळे सौदागरच्या शेतांवर तर उंच इमारती उभ्या आहेत.

जुना ट्रॅक्टर संग्रहालयात गेला, की त्याला रंग चढतो, नावाची पाटी लागते. लोखंडी नांगर बहुधा परसात गंजत पडतो, किंवा भंगाराच्या भावाने जातो. परंतु आजच्या ट्रॅक्टरामागे जो पलटी नांगर जोडतात, त्याच्या फाळाकडे व पंखाकडे लक्ष देऊन पाहावे. ओढणारा बदलला, माती उलथी करण्याची रीत मात्र तीच आहे. ती एकदा पटावी म्हणून बेळगावच्या त्या दुकानदाराला दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागली होती, एवढी आठवण त्या गंजत्या लोखंडापाशी राहावी.