सुखाचा हिशेब आणि मिलसाहेब

१८६५ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघातून पार्लमेंटसाठी एक विलक्षण उमेदवार उभा राहिला. मी निवडणुकीवर पैसा खर्च करणार नाही, मते मागत दारोदार फिरणार नाही, आणि निवडून आलोच तर तुमच्या स्थानिक किरकोळ कामांत वेळ घालवणार नाही, असे त्याने आधीच कळवून टाकले होते. वर बायकांनाही मताचा हक्क मिळाला पाहिजे, हेही सांगून मोकळा झाला. असल्या जाहीरनाम्यावर प्रत्यक्ष परमेश्वराचीही डाळ शिजायची नाही, असे एक नामांकित लेखक तेव्हा म्हणाला होता.

हा उमेदवार म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल. एका सभेत समोर बहुतेक मजूर बसले होते, त्यांतल्या पुष्कळांना तर मतही नव्हते. विरोधकांनी मिलच्याच एका जुन्या पुस्तिकेतला मजकूर फलकावर छापून आणला होता. त्याचा आशय असा, की इंग्लंडातल्या खालच्या वर्गाला खोटे बोलण्याची लाज वाटते खरी, पण एरवी ते बहुधा खोटेच बोलतात. 'हे तुम्ही लिहिले आहे काय?' असा सवाल आला. मिल म्हणाला, 'लिहिले आहे.' आणि सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला! ऑजर नावाचा मजूर पुढारी उठून म्हणाला, की आमचे दोष सांगणारे मित्र आम्हांला हवेत, तोंडपुजे नकोत. मिल निवडून आला.

गोष्ट सुरस आहे. पण मला तिच्यातली गोम खुणावते ती निराळीच. हा मनुष्य उपयुक्ततावादाचा आचार्य. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख ज्याने साधेल ते कृत्य चांगले, हे त्याचे सूत्र. मग व्यासपीठावर त्याने मनात जमाखर्च मांडायला नको होता काय? आपण पार्लमेंटात गेलो तर हजारोंचे कल्याण होईल, त्यापुढे 'मला नीटसे आठवत नाही' एवढ्या एका वाक्याची किंमत ती काय! यावर त्याचे शिष्य सांगतील, की सत्य बोलणे दीर्घकाळात समाजाच्या फायद्याचेच असते, आणि स्वतः मिलनेही १८६१ सालच्या आपल्या निबंधात तसे म्हटले आहे. कबूल. तरीही 'लिहिले आहे' म्हणताना त्याच्या मनात समाजाचा दीर्घकालीन फायदा होता, हे काही माझ्या गळी उतरत नाही. तो हिशेब करून खरे बोलणारा मनुष्य नव्हता. त्याला खोटे बोलवतच नव्हते.

हिशेबाने जगून पाहण्याचा प्रयोग त्याच्यावर लहानपणीच झाला होता. बाप जेम्स मिल हा बेंथॅमचा पट्टशिष्य. हिंदुस्थानात पाऊलही न टाकता त्याने हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला. त्याने पोराला तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकवायला घेतले. सतराव्या वर्षी पोरगा कंपनी सरकारच्या लंडनच्या कचेरीत बापाच्या हाताखाली चिकटला. १८२६ च्या हिवाळ्याच्या तोंडी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने स्वतःला विचारले, 'तू ज्या सुधारणांसाठी झटतोस त्या सगळ्या या क्षणी घडून आल्या, तर तुला आनंद होईल का?' आतून उत्तर आले, 'नाही.' त्यासरशी त्याच्या जगण्याचा पायाच खचला. जगाच्या सुखाची बेरीज बरोबर होती, पण ती बेरीज करणाऱ्याला तिचे काहीच वाटत नव्हते.

पुढे कितीतरी महिने तो कोरडाच होता. मग मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, बाप वारल्यावर एक मुलगा आता मीच तुमचे सर्व काही होईन असे घरच्यांना आश्वासन देतो, त्या प्रसंगी त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. बेंथॅमच्या कोष्टकांनी जे साधले नव्हते ते चार आसवांनी साधले. सुखाच्या मागे लागले की ते हुलकावणी देते, दुसऱ्या कशात जीव गुंतला की वाटेत भेटते, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे ठाऊक असते, पण मिलला ते फार महागात शिकावे लागले.

खरी कसोटी पुढेच होती. १८६५ च्या ऑक्टोबरात जमेका बेटावर काळ्या शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि गव्हर्नर आयरने लष्करी कायदा पुकारून चारशेंवर माणसे मारली. गॉर्डन नावाच्या विधिमंडळाच्या सभासदालाही फासावर चढवले. आयरच्या बाजूने कार्लाइल उभा राहिला. त्याचे म्हणणे असे, की जहाजाला लागलेली आग कप्तानाने विझवली, मग दोन बादल्या पाणी जास्त पडले म्हणून त्याला जाब विचारायचा की काय? पाहा, उपयुक्ततावाद्यांची जन्मभर टिंगल करणारा कार्लाइल इथे फायद्यातोट्याचा हिशेब सांगतो, आणि हिशेबाचा आचार्य मिल कमिटीचा अध्यक्ष होऊन आयरवर खुनाचा खटला भरायला निघतो! त्यासाठी मिलला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. आयरला मात्र अखेरपर्यंत शिक्षा झाली नाही.

मिलचे सोवळेपण पूर्ण होते असे नव्हे. पस्तीस वर्षे कंपनीची नोकरी करताना, 'रानटी' समाजांवर त्यांच्या भल्यासाठी एकतंत्री राज्य करायला हरकत नाही, असेही त्याने लिहिले आहे. त्या समाजांत आपण मोडत होतो, हे आगरकरांच्या पिढीने त्याची पुस्तके डोक्यावर घेऊन वाचली म्हणून विसरता येत नाही. इथे त्याचा हिशेब चालला, आणि तो आपल्या खर्चाने चालला.

१८६८ च्या निवडणुकीत मिल पडला. कारणे पुष्कळ होती. त्यांतले एक त्याने आपल्या हाताने ओढवून घेतले होते. नॉर्दॅम्प्टनला उभ्या असलेल्या ब्रॅडलॉ या उघड नास्तिकाला त्याने निवडणूक फंडासाठी दहा पौंड पाठवले. मते जातील हे त्याला कळत नव्हते असे नाही. ब्रॅडलॉही तेव्हा पडला. तो निवडून आला १८८० साली, आणि मग शपथेच्या वादापायी सहा वर्षे त्याला आपल्या जागेवर धड बसू दिले नाही. त्या वेळी मिल हयात नव्हता. १८८९ च्या डिसेंबरात हाच ब्रॅडलॉ काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आला. त्या अधिवेशनातल्या प्रतिनिधींची संख्याही, गंमत अशी, की बरोबर १८८९ भरली होती.