नावांतील वाळवंट



नावांच्या इतिहासाकडे आम्ही वळलो ते विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. जिनिंगमधील एका कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी एका कचेरीत अडकला होता. एका कागदावर ‘मारोती’, दुसऱ्यावर ‘मारुती’. तेव्हा माणसे दोन, असे कारकुनाचे म्हणणे! ते खोडून काढण्यासाठी आम्ही वाचनालयातला संस्कृत कोश उघडला. मरुत् म्हणजे वारा. त्याचा पुत्र मारुती. आपल्या वऱ्हाडी तोंडी तोच मारोती. अर्ज तसा लिहिला. पण मरुत् शोधताना शेजारीच ‘मरु’ हा शब्द दिसला आणि आमचे कुतूहल जागे झाले.

मरु म्हणजे वाळवंट. ‘मृ’ म्हणजे मरणे, या धातूपासून परंपरा तो शब्द साधते : जेथे तहानेने जीव मरतात ती भूमी. असे नाव पोटच्या पोराला कोण ठेवील? पण ठेवलेले आहे. विष्णुपुराणात व भागवतात सूर्यवंशात मरु नावाचा राजा येतो. आणि नवल असे की, तो योगबळाने कलापग्रामी अजून जिवंत असून बुडालेला वंश पुन्हा उभा करणार, अशी कथा आहे.

राजस्थानच्या ढोला-मारू या लोककथेची नायिका पूगळची राजकन्या मारू, म्हणजे मरुदेशाची मुलगी. सोळाव्या शतकात कुशललाभ या जैन कवीने तिच्यावर काव्य रचले. मारवाड हे नावही याच मरूचे. तिकडची घराणी वऱ्हाडच्या कापूसबाजारात येऊन पिढ्या लोटल्या. मारवाडी हा शब्द आपण रोज उच्चारतो, पण त्यातली वाळू आपल्या ध्यानात येत नाही.

अरबीत वाळवंटाला ‘सहरा’ म्हणतात; त्याचे अनेकवचन ‘सहारा’. आपण आधार या अर्थी म्हणतो तो सहारा निराळा. इराण, तुर्कस्तान या देशांत मुलींचे नाव सहरा असते. वाळूत जन्मलेल्याला वाळू अशुभ वाटत नाही. ते त्याचे घर असते.

आमच्या हजेरीपटावर मात्र गंगा, यमुना, गोदावरी! पावसावर पोट असलेल्या मुलखाने मुलीच्या नावात पाणी मागून ठेवले, असे आम्हांस वाटते. आपले गावच पाहा. कळंब हे नाव कदंबावरून, पावसाळ्यात फुलणाऱ्या झाडावरून, आले असे सांगतात. चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली, तेथेच कुंड. बारा वर्षांनी त्यात गंगा वर येते अशी श्रद्धा आहे.

मायबापांनी अशा आशेने ठेवलेले नाव कागदावर एका मात्रेने बदलते आणि गरिबाचा घामाचा पैसा अडतो. आज घरी गेल्यावर आपापले कागद काढा आणि नाव अक्षराअक्षराने ताडून पाहा. आमच्या मारोतीला त्याचे पैसे मिळाले खरे. पण स्वतःच्याच नावाचा माणूस ठरायला त्याला सव्वा वर्ष लागले.