मोकळे चाक

युद्ध संपले, की युद्धासाठी बनवलेल्या वस्तूंचे काय करायचे, हा प्रश्न जिंकणाऱ्यांपुढेही उभा राहतो. तोफा वितळवता येतात, बंदुका कोठारात ठेवता येतात. जीपगाडीचे तसे नव्हते. ती शेतकऱ्यालाही हवी होती आणि घरी परतलेल्या शिपायालाही.

या गाडीचा जन्म घाईचा. जुलै १९४० मध्ये अमेरिकेच्या लष्कराने १३५ कारखानदारांकडे मागणी केली : हलकी, चारही चाकांना ओढ असलेली टेहळणीची गाडी हवी, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. बॅन्टम नावाच्या एका लहान कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने २३ सप्टेंबरला नमुना हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या.

चिखलात, वाळूत, डोंगरात ही गाडी हरत नसे. तिची अडचण सुरू झाली ती डांबरी सडकेवर. रस्ता चांगला असला, की चालक एक दांडा सरकवून पुढच्या चाकांची ओढ बंद करी. इंजिनाचा संबंध वरच्या बाजूने तुटे, पण खालच्या बाजूने तुटत नसे. पुढची चाके तर फिरतच राहणार. ती आपल्याबरोबर एक्सलचे दांडे, डिफरन्शियलचे दातेरी चक्र आणि इंजिनाकडे जाणारा लांब शाफ्ट, असे सगळे बिऱ्हाड विनाकारण फिरवत. भाग झिजत, आवाज होई, पेट्रोल जास्त जाई. लष्कराला याची फिकीर नव्हती. स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरणाऱ्याला होती.

यावर उपाय करणाऱ्यांत आर्थर वॉर्न हे नाव महत्त्वाचे. सिएटलजवळ जीपगाड्यांची विक्री करणाऱ्या या माणसाने १९४८ मध्ये चाकाच्या मध्यभागी बसणारे, हाताने जोडायचे-सोडायचे हब बनवायला सुरुवात केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लँड रोव्हर बाजारात आली. तिच्या पहिल्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या ओढीसाठी 'फ्रीव्हील' बसवलेले होते. वॉर्न यांचे उत्तर जुन्या गाडीवरही बसवता येत असे, म्हणून ते घरोघर पोहोचले.

त्याची रचना समजायला सोपी आहे. हबचा बाहेरचा भाग बोल्टांनी चाकाला बांधलेला, म्हणून तो चाकाबरोबर फिरतो. आतले दातेरी चक्र एक्सलच्या दांड्यावरच्या खाचांत बसते, ते दांड्याबरोबर फिरते. दोघांच्या मध्ये एक सरकती कडी. बाहेरची चकती 'लॉक'कडे फिरवली, की कडी दोघांना एकत्र बांधते. 'फ्री'कडे फिरवली, की चाक एकटे फिरते आणि आतला पसारा शांत राहतो.

बसवण्याचे कामही धीराचे आहे. आधी चाकाचे बेअरिंग. नट आवळायचा, मग किंचित सैल करायचा : चाक सहज फिरले पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. मग त्यावरची वॉशर आणि दुसरा नट. नंतर पॅकिंग घालून हबची पेटी, दांड्यावर दातेरी चक्र, आणि दांड्याच्या टोकाला सर्क्लिप. ग्रीस हात राखून लावायचे. ठासून भरले तर कडी अडकते आणि ऐन वेळी सरकत नाही. शेवटी चकती 'फ्री'वर ठेवून झाकण बसवायचे आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे. दोन्ही बाजू सारख्या असणे फार महत्त्वाचे. एक हब बांधलेला आणि एक मोकळा राहिला, तर साध्या डिफरन्शियलमधून सारे बळ मोकळ्या दांड्यालाच फिरवत बसते. चिखलातली गाडी जागची हलत नाही.

आपल्याकडेही महायुद्धानंतर 'डिस्पोजल'च्या जीपा आल्या. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुटे भाग आणून विलीज जीपची जोडणी सुरू झाली. ती करणारी कंपनी १९४५ मध्ये लुधियानात स्थापन झाली, तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. म्हणजे तिकडे चाक हवे तेव्हा सोडण्याची आणि हवे तेव्हा पुन्हा जोडण्याची सोय निघाली, त्याच वर्षी इकडे पाटीवरचे एक नाव गळले. हबची चकती उलटी फिरवता येते. पाटीवरून गेलेले नाव तसे परत येत नाही.

पुढे आपोआप जोडले जाणारे हब आले, मग हवेच्या निर्वातावर चालणारे, आणि आता अनेक गाड्यांत चालकाने बसल्या जागी बटण दाबले की काम होते. तरीही जंगलात, वाळवंटात दूरवर जाणारी मंडळी अजून हाताचे हब पसंत करतात. त्यात वायर नाही, नळी नाही. बिघडले तर पाना आणि कापडाचा बोळा घेऊन रस्त्याच्या कडेला उघडता येते.

त्यासाठी खाली उतरावे मात्र लागते. पावसात, चिखलात, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वाकावे लागते. शहाणा चालक हे चिखलात रुतल्यावर करत नाही. चिखल समोर दिसला, की आधी उतरतो, दोन्ही चाके बांधून घेतो आणि मगच गाडी आत घालतो. पलीकडे कोरडी सडक लागली, की पुढची ओढ बंद करतो, पुन्हा उतरतो आणि दोन्ही चाके मोकळी करतो.