मुसल्लस, त्रिकोण आणि ट्रँगल : उस्मानियाच्या वर्गात शिकलेली मुलं

२०२३ साली निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाड्यात उर्दू वाचता येणाऱ्या माणसाची किंमत एकदम वाढली. आमच्या गोरेगावातही (तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली) लोकांनी आजोबांच्या पेट्या उघडल्या. पिवळे पडलेले कागद घेऊन चार-दोन जण माझ्याकडेही आले. "सर, एवढं वाचून द्या." वाचून दिल्यावर एकाने विचारलं, "आमच्या आजाला हे कसं काय वाचता येत होतं? आम्ही तर पाटील." मी म्हटलं, तुमच्या आजोबांनाच काय, त्या काळात शाळेत पुढे शिकलेल्या बहुतेकांना येत होतं. प्राथमिक शाळा मराठी, पण पुढच्या सरकारी शाळेत गणित, भूगोल, इतिहास सगळं उर्दूत. आणि ज्याला त्याहून पुढे जायचं होतं, त्याने पूर्णेला गाडी पकडायची आणि हैदराबाद गाठायचं. तिथे उस्मानिया विद्यापीठात इंजिनीअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत.

त्याचा विश्वास बसला नाही. "इंजिनीअरिंग? उर्दूत?"

हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. विचारणाऱ्यात मुसलमानही असतात, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. उर्दू म्हणजे गझल, मुशायरा आणि लग्नाची पत्रिका, एवढंच आपल्या मुलांच्या डोक्यात राहिलंय. म्हणून हा लेख.

उस्मानियाचा इतिहास थोडक्यात असा. अकबर हैदरी यांनी १९१७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्यापुढे एक टिपण ठेवलं. देशी भाषेतून उच्च शिक्षण द्यावं आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय म्हणून ठेवावा, असं त्याचं सार होतं. त्याच वर्षी फर्मान निघालं. १९१८ मध्ये सनद मिळाली. १९१९ च्या ऑगस्टमध्ये गनफाउंड्री भागात वर्ग भरू लागले. पहिल्या तुकडीत विद्यार्थी २२५ आणि शिकवणारे २५. इंजिनीअरिंग कॉलेज १९२९ मध्ये निघालं. वैद्यकीय शिक्षणाचा धागा तर त्याहून जुना आहे. हैदराबादचं मेडिकल स्कूल १८४६ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे उर्दूतूनच शिकवत.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्याकडे ती कोणी सांगत नाही. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा पहिला मान उस्मानियाला देतात. पण तीन वर्षं आधी, १९१६ मध्ये, महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं होतं आणि तिथे मराठीतून शिकवत होते. त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. उस्मानियामागे राजा होता, कर्व्यांमागे वर्गणीची पावतीपुस्तकं होती. फरक एवढाच. त्याच्याही मागे गेलो तर १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जार्विस मराठी आणि गुजराती मुलांना त्यांच्या भाषेत गणित आणि मोजणी शिकवत होता. त्यासाठी त्याने मराठीत गणिताची पुस्तकं तयार करवली. दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र उर्दूतून गणित शिकवत. त्यांचा महत्तम-लघुत्तमावरचा ग्रंथ डी मॉर्गनसारख्या गणितज्ञाने १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा छापवला. म्हणजे उस्मानिया आभाळातून पडलं नव्हतं.

आता वर्गात काय होत असे ते पाहू. वर्ग भरवायचा तर पुस्तक हवं. त्यासाठी विद्यापीठाच्याही आधी, १९१७ मध्येच, 'दारुत्तर्जुमा' म्हणजे भाषांतर-विभाग उघडला. सुरुवातीला त्याची जबाबदारी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. हे आपल्या औरंगाबादचेच म्हणायला हवेत. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं कार्यालय त्यांनी अनेक वर्षं तिथूनच चालवलं. जोश मलिहाबादींसारखा शायरही या विभागात नोकरीला होता. भौतिकशास्त्र, रसायन, बीजगणित, यंत्रशास्त्र, शरीरशास्त्र, कायदा, सगळ्याची भाषांतरं होऊ लागली. शब्दांवरून भांडणंही झाली. एक बाजू अरबी धातूंतून शब्द काढा म्हणणारी. दुसऱ्या बाजूला वहीदुद्दीन सलीम. परिभाषा कशी घडवावी यावर त्यांनी 'वज़-ए-इस्तिलाहात' हे पुस्तकच लिहिलं. उर्दू ही हिंदुस्तानी घडणीची भाषा आहे, तिने आपल्या घडणीप्रमाणे शब्द जोडावेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण कॉलेजातल्या पुस्तकांत अरबी जास्त जिंकली.

याचा विद्यार्थ्यावर काय परिणाम झाला असेल? मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्द समोरासमोर ठेवून बघतो. त्रिकोणाला मुसल्लस, चौरसाला मुरब्बा, पंचकोनाला मुखम्मस, षट्कोनाला मुसद्दस. चारही शब्द अरबी आकड्यांतून आलेले. गंमत म्हणजे मुखम्मस आणि मुसद्दस हे कवितेचेही प्रकार आहेत, पाच ओळींचा आणि सहा ओळींचा. ज्या घरात हालींचा मुसद्दस म्हटला जायचा, त्या घरातल्या पोराला सहा बाजू मोजायला वेगळं शिकवावं लागलं नसेल. पण परभणीकडच्या मराठी घरातल्या पोराने 'मुरब्बा' ऐकला की त्याच्या डोळ्यापुढे बरणीच यायची. (उर्दूत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं आहे. कानाला मात्र एकच.) भिंगाला अदसा, नाभीला मासका, समीकरणाला मसावात, त्वरणाला इसरा. ही यादी मराठी मुलाला पाठच करावी लागली असणार.

तरी सगळंच परकं नव्हतं. बांधकामाचा तास बघा. इमारत, कमान, नकाशा, मजूर, मिस्त्री, जमीन, वजन, हवा, कागद, हिशोब, खर्च. यातला एकही शब्द मराठी मुलाला समजावून सांगावा लागला नसेल. खात्याचं नावही तामीरात. धरणाच्या कामावर मुकादम जे बोलायचा आणि वर्गात प्राध्यापक जे बोलायचे, त्यात आजच्यासारखी दरी नव्हती. हैदराबाद राज्यात ते दिवसही बांधकामाचेच होते. उस्मानसागर, हिमायतसागर, निजामसागर हे तिन्ही तलाव १९२० ते १९३१ या काळात उभे राहिले. नवीन इंजिनीअर लागणारच होते.

या शिक्षणातून निघालेला माणूस जगात टिकला का? त्याचं सगळ्यात ठळक उत्तर म्हणजे रझीउद्दीन सिद्दीकी. जन्म हैदराबादचा, १९०८ चा. उस्मानियाच्या सुरुवातीच्या तुकड्यांत ते गणित शिकले, उर्दूतून. मग केंब्रिज, आणि तिथून जर्मनीत लाइपझिगला, हायझेनबर्गच्या हाताखाली डॉक्टरेट. ज्या काळात क्वांटम सिद्धांत कागदावर अजून ओला होता, त्या काळात हा मुसल्लस-मुरब्बा शिकलेला मुलगा त्या वर्गात बसला होता. परत येऊन त्यांनी उस्मानियातच गणित शिकवलं आणि सापेक्षतावादावर उर्दूत पुस्तक लिहिलं. विचार करा, अशा प्राध्यापकाच्या वर्गातला विद्यार्थी. समोरचा माणूस हायझेनबर्गकडून शिकून आलेला, आणि बोलतोय आपल्या घरातल्या भाषेत. शंका विचारायला इंग्रजी वाक्य आधी मनात जुळवावं लागत नाही. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि इस्लामाबादच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आपल्या पुस्तकांतून नाव पुसलं जायला तेवढं कारण पुरलं.

पण 'आपल्या घरातल्या भाषेत' असं मी लिहिलं, ते कोणाच्या घराबद्दल? इथे मला उस्मानियाची तारीफ थांबवावी लागते. हैदराबाद राज्यात उर्दू मातृभाषा असलेले लोक साधारण दहा-बारा टक्के होते. तेलुगू जवळजवळ निम्मे, मराठी पाव भाग, बाकी कन्नड. मातृभाषेतून शिकावं हा हैदरींच्या टिपणातला विचार सोन्यासारखा होता, पण तो दरबाराच्या भाषेपाशीच थांबला. बिदरच्या कन्नड मुलाला आणि आपल्या सेनगाव-कळमनुरीच्या मराठी मुलाला उर्दू इंग्रजीपेक्षा जवळची होती हे खरं, पण ती त्याची नव्हती. आपल्यातले काही जण हे बोलायला कचरतात. मला वाटतं, आपणच ते आधी बोलायला हवं. उर्दू शाळांना मातृभाषेच्या हक्कावर मदत मागताना तोच हक्क तेव्हा इतरांना नाकारला गेला हे लपवून कसं चालेल?

मग १९३८ आलं. औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. मनाई झाली, संप झाला, शेकडो मुलांची नावं काढली गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. त्या मुलांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. त्यांना उर्दूही येत होती, मराठीही. हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. उस्मानियाने काढून टाकलेला विद्यार्थीही भाषांच्या बाबतीत असा श्रीमंत निघाला, ही त्या मातीचीच कमाई.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. त्यानंतर थोड्याच काळात उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. तेलुगू नाही, मराठी नाही. इंग्रजी. शेकडो पुस्तकं कपाटात गेली. लोकांच्या भाषेवर अन्याय म्हणून ज्या उर्दूला हटवलं, तिच्या जागी लोकांची भाषा आली असती तर मी एक शब्द बोललो नसतो.

आजचा हिशोब असा आहे. बालभारतीचं गणिताचं पुस्तक उर्दूत मिळतं. मजकूर उजवीकडून डावीकडे, सूत्र डावीकडून उजवीकडे. पोरांचा डोळा प्रत्येक ओळीत दोनदा वळतो आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. दहावीनंतर सायन्स घेतलं की दुसऱ्या दिवसापासून सगळं इंग्रजी. माझा एक जुना विद्यार्थी इंजिनीअरिंगला गेला. पहिलं वर्ष त्याने शेवटच्या बाकावर काढलं. प्राध्यापक पडद्यावरची स्लाइड वाचून दाखवायचे आणि 'एनी डाउट?' विचारायचे. तो मला म्हणाला, "सर, डाउट होता. इंग्रजी नव्हती." त्याच्या शेजारी मराठी शाळेतून आलेला मुलगा बसायचा. त्याचंही तेच. दोघं रात्री खोलीवर एकमेकांना समजावायचे, दख्खनीत.

२०२१ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भाषांतून इंजिनीअरिंगला परवानगी दिली आहे आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. हैदराबादला मौलाना आझाद उर्दू विद्यापीठाची पॉलिटेक्निक आहे. दोन्हीकडे जाणाऱ्या मुलांचे आईवडील एकच विचारतात, नोकरी मिळेल का? प्रश्न रास्त आहे. उस्मानियाच्या पदवीधराला तो पडत नव्हता, कारण नोकरी देणारं तामीरात खातंही उर्दूतच चालायचं.

मी सध्या एवढंच करतो. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर तीन रकाने आखतो. कसाफत, घनता, डेन्सिटी. निस्फ कुत्र, त्रिज्या, रेडियस. मुलं घरून चौथा रकाना भरून आणतात, गावात त्या वस्तूला काय म्हणतात त्याचा. मागच्या आठवड्यात लंबाच्या ओळीत उमूद, लंब, पर्पेंडिक्युलर झालं, आणि एका गवंड्याच्या मुलीने चौथ्या रकान्यात लिहिलं : ओळंबा.