गाणे कुणाचे, लाज कुणाची?

बेळगाव-निपाणी परिसर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे मुंबई सरकारचे तमाशावरील निर्बंध आपल्याही गावांना लागू होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढे संहिता तपासून खेळांना परवानगी मिळू लागली. वाद रंगला तो द्वयर्थी शब्दांचा. फडावर पोट असणाऱ्या कलावंतांच्या हक्काविषयी त्यामानाने थोडेच बोलले गेले.

अर्धशतकानंतर हीच गोष्ट नव्या वेषात घडली. ‘समाधी’ (१९७२) या चित्रपटातील लता मंगेशकरांनी गायिलेले, राहुलदेव बर्मन यांचे ‘कांटा लगा’ हे गीत २००२ साली यंत्राच्या ठेक्यावर, दुसऱ्या आवाजात पुन्हा बाजारात आले. शेफाली जरीवाला हिच्यावर चित्रित झालेली त्याची ध्वनिचित्रफीत केबलवाटे घरोघरी पोहोचली आणि देशभर गहजब उडाला. चित्रपटाला परीक्षण मंडळाचा दाखला लागे. केवळ दूरचित्रवाणीसाठी केलेल्या अशा फितींना त्या काळी ही चाळणी नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती होऊन संगीतफितींनाही सर्वांसाठी योग्य असल्याचा दाखला आवश्यक ठरला.

येथे आमचा प्रश्न सुरू होतो. कपड्यांवर एवढी चर्चा झाली, पण मूळ गाणाऱ्यांचे आणि रचनाकारांचे काय? लताबाईंनी रिमिक्सविषयी आपली नापसंती उघडपणे सांगितली होती. तथापि १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ मध्ये एक वाट होती: मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षे उलटली की सूचना देऊन व ठरलेले मानधन भरून कोणीही नवी आवृत्ती काढावी. ही वाट २०१२ साली बदलली. मुदत पाच वर्षांची झाली आणि रचनेत मनमानी फेरफार करण्यास आडकाठी आली. ज्या बदलाने कलावंताला खरा आधार मिळाला, त्यासाठी ना मोर्चा निघाला, ना पुतळे जळाले.

आम्ही उत्तान चित्रणाचे समर्थन करीत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांपुढे काय यावे याची काळजी घरांनी घ्यावी, नियमही असावेत. पण शासनव्यवहारात आयुष्य घालविल्यावर एवढे कळते की बंदीचा हुकूम काढणे सोपे. हक्क राखणारे कलम घडविणे कष्टाचे. सीमाभागातील आपण भाषेच्या हक्कासाठी इतकी वर्षे झगडलो. गाणाऱ्याच्या हक्काची बाजू आपल्याला तरी परकी वाटू नये.